ओल्या पायांची फरशी

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की पाडव्यापासून मृगापर्यंतच्या दिवसांत गावोगाव बांधकामे निघतात. कोणी ओसरी वाढवतो, कोणी गोठ्यावर पत्रे चढवतो, कोणी जुनी पडकी न्हाणी मोडून पक्के न्हाणीघर बांधतो. शहराच्या वाटेवर ज्यांची शेते आहेत, त्यांतली काही मंडळी पाहुण्यांसाठी चार खोल्या काढतात आणि त्यांच्या पोरांना डुंबायला पोहण्याचा लहानसा तलावही बांधतात. राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण ठरवले ते २०२० साली, पण त्याच्या आधीपासूनच कित्येक कुटुंबांनी हा जोडधंदा उभा केला होता.

काम कोणतेही असो, विटा कुठल्या भट्टीच्या, वाळू किती ब्रास, पत्रा कोणत्या जाडीचा, यावर घरात पंधरा-पंधरा दिवस खल होतो. पण जिथे रोज पाणी सांडणार, तिथे पायाखाली काय घालायचे हे मात्र तालुक्याच्या दुकानात पाच मिनिटांत ठरते. दुकानदार चार नमुने पुढे टाकतो. त्यांतली जी जास्त चमकते ती गाडीत चढते. वाचक बंधुभगिनींनो, यावेळी त्या पाच मिनिटांबद्दल बोलू.

गोठ्याला एक न्याय, न्हाणीला दुसरा

एक गोष्ट आपण शेतकरी माणसे चांगली जाणतो. गोठ्यात कोबा करायचा म्हटला, की गवंड्याला आधी बजावतो, "बाबा रे, घोटू नकोस, जनावर घसरेल." दुभती म्हैस गुळगुळीत कोब्यावर घसरली, तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले, की ती पुन्हा धड उभी राहील याचा भरवसा नसतो. म्हणून कोबा खरबरीत ठेवतो, त्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून घेतो, मूत आणि पाणी वाहून जावे म्हणून गव्हाणीकडून नालीकडे ढाळ देतो. ज्याला जमते तो खाली रबरी मॅटही अंथरतो.

हे सगळे शहाणपण गोठ्याच्या दारात थांबते. घरात शिरलो की हौस जागी होते. न्हाणीला गुळगुळीत टाइल, मोरीला पॉलिश केलेला कडप्पा, हौदाच्या ओट्याला आरशासारखा ग्रॅनाइट. म्हशीच्या खुरांचा एवढा विचार करणारे घर, सत्तरीतल्या आजीच्या पायांचा विचार करताना कमी का पडते? आजीला काही दावे बांधलेले नसते. ती पहाटे अंधारात उठते, बंबाखाली जाळ घालते, कळशी उचलते आणि ओल्या फरशीवर पाऊल टाकते.

आजीचे पडणे

नातू पडला तर रडतो, उठतो आणि पुन्हा पळतो. म्हाताऱ्या माणसाचे तसे नसते. वय वाढले की हाडे विरळ होत जातात, आणि बायकांची तर पाळी गेल्यानंतर लवकर होतात. उभ्या उभ्या नुसते कुशीवर पडले तरी खुब्याचे हाड मोडू शकते. त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते. माणूस फार दिवस अंथरुणाला खिळला तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि मोडलेल्या हाडापेक्षा हेच जास्त जीवावर बेतते. शिवाय त्या खाटेच्या उशाशी घरातले आणखी एक माणूस अडकते. ते बहुधा सून असते, नाहीतर शाळा सोडवून बसवलेली मुलगी असते. दवाखान्याचे बिल निराळेच.

इथेच एक सांगून ठेवतो. पडलेल्या माणसाला उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड वाटत असेल आणि त्याचे पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची दाट शंका घ्यावी. पाय ओढून पाहू नये, तेल लावून चोळू नये. फळीवर किंवा बाजेवर आडवे ठेवावे, १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट दवाखाना गाठावा.

म्हाताऱ्यांखेरीज आणखी तिघांना जपायचे असते. पहिली गरोदर बाई. दुसरी बाळंतीण, आणि तिच्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई. पाय लांब करून बाळाला पायांवर घेतात, तेल चोळतात, वरून ऊन पाणी ओततात. ते तेल फरशीवर उतरते आणि बाळाला हातात घेऊन उठताना त्याच तेलावर पाय पडतो. तिसरी म्हणजे पाण्याच्या काठाने पळणारी मुले. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटे तर अख्खे घर तेल-उटणे लावून एकामागून एक त्याच फरशीवरून जाते.

पाय सटकतो कसा?

पाटा-वरवंटा फार दिवस वापरला की गुळगुळीत होतो. मग त्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती इकडून तिकडे सरकते. तेव्हा पाथरवटाकडून पाट्याला टाकी लावून घेतात. बारीक बारीक खड्डे पडले की पाटा पुन्हा मिरचीला धरू लागतो. पायाखालच्या दगडाचेही असेच असते.

फरशी कोरडी असताना अनवाणी पाय गुळगुळीत टाइलवरसुद्धा धरतो. म्हणूनच दुकानात फसायला होते. पाणी पडले की तळवा आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. दगड खरबरीत असेल तर त्याचे कंगोरे हा पापुद्रा फोडून तळव्याला भिडतात आणि पाणी शेजारच्या खळग्यांत उतरते. फरशी गुळगुळीत असेल तर पाण्याला जायला वाट नसते. ते पायाखालीच दाबले जाते आणि पाय त्याच्यावर तरंगल्यासारखा पुढे निघतो. त्यात साबण किंवा तेल मिसळले, की मग विचारायलाच नको.

यातून एक साधा नियम निघतो. पाण्याच्या जागेची फरशी ओली करून, पायाने पारखून घ्यावी. कोरडी फरशी डोळ्यांनी पाहून घेऊ नये. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण टाइलच्या दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुकानात काय करावे?

दुकानात जाताना पिशवीत पाण्याची बाटली आणि साबणाची वडी न्यावी. घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्यावे, कारण त्या फरशीवर सर्वांत जास्त वेळ तिचाच जाणार असतो. संवाद साधारण असा होतो.

"वहिनी, ही घ्या. आरशासारखी चमकते, दहा वर्षं पाहायला नको."

"अहो भाऊ, आरसा भिंतीला लावतात. आमच्या आत्याबाईंना हिच्यावरून चालायचंय. जरा खाली ठेवा, पाणी टाकून बघते."

दुकानदार हसला तरी हसू द्यावे. नमुन्याची फरशी हलणार नाही अशी जमिनीवर ठेवावी. तिच्यावर पाणी ओतावे, साबण फिरवून फेस करावा. एका हाताने भिंत किंवा टेबल घट्ट धरावे, अनवाणी टाच फरशीवर टेकवून हळूच पुढे रेटावी. टाच अडखळत गेली तर फरशी कामाची. लोण्यावरून सुरी जावी तशी गेली तर तिचा रंग कितीही मनात भरला असला तरी ती भिंतीला लावावी, खाली नको.

मग त्याच फरशीवर थोडी काळी माती चोळून धुऊन पाहावी. माती सहज निघाली पाहिजे. खरबरीत घ्यायची म्हणून खवणीसारखी घेऊ नये. तसल्या फरशीत मळ बसतो, भेगाळलेल्या टाचांना ती बोचते आणि रांगणाऱ्या पोराचे गुडघे सोलते. हाताला बारीक वाळूच्या कागदासारखी लागेल इतपत खरखर पुरे.

टाइलच्या डब्यावर 'मॅट' असे लिहिलेले असते. मॅट म्हणजे न चमकणारी. ती न घसरणारी असेलच असे नाही. काही कंपन्या आर-९ ते आर-१३ असे आकडे देतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. परंतु ही परीक्षा बूट घालून, तेल टाकलेल्या फरशीवर चालून घेतात. अनवाणी पायांसाठी जर्मनीत निराळी पद्धत आहे. तिरप्या होणाऱ्या फळीवर फरशी बसवतात, साबणाचे पाणी सोडतात आणि माणूस तिच्यावर अनवाणी चालत असताना फळी हळूहळू कलती करतात. निदान १२ अंशांपर्यंत पाय धरला तर 'ए' वर्ग, १८ अंशांपर्यंत 'बी', २४ अंशांपर्यंत 'सी'. कपडे बदलण्यासारख्या बहुतांशी कोरड्या जागेला ए चालते. न्हाण्याच्या जागेला आणि पोहण्याच्या तलावाभोवती बी लागते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी. दुकानदाराला हा वर्ग विचारावा. त्याला सांगता आला नाही, तर आपली टाच आहेच.

कोणता दगड कुठे?

शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ती येते. न घासलेली, खाणीतून जशी निघते तशी शहाबादी धुण्याच्या जागेला आणि न्हाणीला चांगली. घासून पॉलिश केलेली ओसरीत घालावी, पाण्याजवळ नको. राजस्थानातला कोटा दगड शहाबादीपेक्षा घट्ट. त्याचेही तेच, न घासलेला घ्यावा. पॉलिशची मजुरी वाचते हा वर फायदा. आंध्रातला कडप्पा काळाभोर दिसतो. तो ओट्याला आणि मांडणीला शोभतो, पण पॉलिश केलेला कडप्पा मोरीत घालणे म्हणजे संकटाला पाट मांडणे.

हे तिन्ही दगड चुनखडीचे आहेत. संडास साफ करायचे ॲसिड यांच्यावर ओतले तर दगड विरघळतो, रंग उडतो आणि सांधे मोकळे होतात. या फरशांना ॲसिड दाखवूच नये.

आपल्या डोंगरातला काळा दगड पाथरवटाकडून टाकी मारून घेतला तर पायऱ्यांना त्याच्यासारखा दुसरा नाही. कोकणात जांभा दगड. तो अंगचाच खरबरीत, पण पाणी शोषून धरतो आणि पावसाळ्यात हिरवा पडतो. जांभ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ आषाढ-श्रावणात पुन्हा पुन्हा घासावेच लागते. ग्रॅनाइट पॉलिश केलेला असेल तर कामाचा नाही. त्याच ग्रॅनाइटच्या पृष्ठभागाला ज्योतीने तापवून खरबरीत केलेला प्रकार मिळतो. त्याला दुकानात 'फ्लेम' म्हणतात. तो पाण्याजवळ चालतो.

टाइलच घालायची असेल तर मोठ्या आकाराच्या मोहात पडू नये. लहान टाइलला सांधे जास्त येतात, आणि प्रत्येक सांधा पायाला धरायला एक कड देतो.

कोबा करणाऱ्यांसाठी

खिशाला परवडणारा आणि नीट केला तर सर्वांत भरवशाचा म्हणजे साधा सिमेंटचा कोबा. पण गवंड्याला सवय असते वरून कोरडे सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीने घोटायची. घोटला की तो गुळगुळीत झाला. त्याला आधीच सांगावे की वरून नुसते सिमेंट टाकायचे नाही आणि शेवटचा हात लाकडी थापीचा फिरवायचा.

कोब्यावरचे पाण्याचे तेज विरले, अंगठा दाबल्यावर हलका ठसा उमटू लागला, म्हणजे खराटा घेऊन एका दिशेने हलक्या हाताने ओढावा. बारीक रेघा उठतात. न्हाणीपेक्षा मोठी जागा असेल, म्हणजे हौदाभोवतालचा ओटा किंवा गोठ्यासमोरची धुण्याची जागा, तर दोरी दाबून शंकरपाळ्यांसारखी तिरकी नक्षी काढून घ्यावी. तिरक्या रेघांचा फायदा असा की माणूस कोणत्याही बाजूने आला तरी पायाला आड येणारी रेघ सापडते, आणि पाणीही त्याच रेघांतून उताराला लागते.

नंतर सात ते दहा दिवस कोबा ओला ठेवावा. ओली पोती टाकून त्यांवर पाणी मारत राहावे. नाहीतर वरचा थर भुसभुशीत होतो, खराट्याने काढलेल्या रेघा वर्षभरात झिजतात आणि आपण पुन्हा होतो तिथे येतो.

ढाळ, कड आणि दांडा

चांगली फरशीसुद्धा पाणी साचले तर वाया जाते. साचलेल्या पाण्यात साबणाचा मळ बसतो, त्यावर शेवाळ धरते आणि खरबरीत दगडाचे खळगे भरून जातात. म्हणून ढाळ हवाच. दर फुटाला पाव इंच हे प्रमाण पुरे. त्याहून जास्त उतार दिला तर उतारच घसरवतो. गवंडी पाणसळ लावून ढाळ देतो, पण त्याचे पैसे चुकते करण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहावे. दहा मिनिटांनी कुठे डबके राहिले तर तेवढी फरशी उचलून पुन्हा बसवायला लावावी.

पायरी किंवा उंबरा असेल तिथे कडेला निराळ्या रंगाचा दगड घालावा, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही कड कळते. न्हाणीत दिवा हवा, आणि त्याचे बटण दाराबाहेर हवे.

भिंतीत एक दांडाही बसवावा. सव्वा ते दीड इंच जाडीचा लोखंडी नळ पुरतो. उंची म्हाताऱ्या माणसाच्या कमरेइतकी ठेवावी. बसून उठण्याच्या जागी एक आणि दारापाशी एक. नुसत्या गिलाव्यात खुंटी मारून भागत नाही. नळाची टोके विटांच्या आत सिमेंटात पुरलेली असावीत. भिंत मातीची असेल तर दांडा मेढीला पक्का करावा. गड्याने त्याला लोंबकळून पाहावे, मगच आजीला धरायला सांगावे.

घातलेली फरशी गुळगुळीत असेल तर

सगळ्यांनाच नवीन फरशी घालणे जमणार नाही. असलेली उखडायचीही गरज नाही. शहाबादी, कोटा किंवा काळा दगड घोटून गुळगुळीत झाला असेल तर पाथरवटाला बोलवून जागच्या जागी टाकी लावून घ्यावी. कोबा असेल तर दगड कापायच्या यंत्राने तिरक्या खाचा पाडून मिळतात. चकचकीत टाइल असेल तर वाळूचा थर असलेल्या चिकटपट्ट्या मिळतात. फरशी पूर्ण कोरडी आणि तेलविरहित करून त्या चिकटवाव्यात आणि कडा सुटू लागल्या की बदलाव्यात. खाली पाणी निघून जाईल अशी भोकांची रबरी मॅटही चालते. ती दररोज उचलून उभी करावी, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरते.

गुळगुळीत टाइलवर पोते किंवा जुनी गोधडी टाकायची पद्धत मात्र सोडावी. टाइल ओली झाली की पोतेच माणसाला घेऊन सरकते. ओट्याला शोभेसाठी ऑइलपेंट लावणेही तसेच. रंग लावायचाच असेल तर त्यात बारीक चाळलेली कोरडी वाळू मिसळून लावावा.

शेवाळ आणि मळ काढायला काथ्याचा किंवा तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडरचे पाणी पुरते. पावडर पाण्यात कालवून टाकावी, पाव तास थांबावे, घासून भरपूर पाण्याने धुवावे. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. तेलाचे न्हाणे झाले की त्याच दिवशी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून फरशी घासून काढावी. हे काम सगळ्यांत शेवटी न्हाणाऱ्याने करावे, मग तो घरचा कर्ता का असेना.

पाहुण्यांसाठी तलाव बांधताना

आता ज्यांनी पोहण्याचा तलाव बांधायला काढला आहे त्यांच्यासाठी. तलावाभोवतालची जागा ही न्हाणीचीच मोठी बहीण, पण तिच्या तीन अडचणी जास्त आहेत.

पहिली अडचण उन्हाची. चैत्र-वैशाखात काळा दगड अनवाणी पायाला तव्यासारखा भाजतो. भाजला की पोरे पळतात आणि पळाली की पडतात. तेव्हा इथे कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट नको. फिका रंग घ्यावा. न घासलेला कोटा, राजस्थानातून येणारा पिवळट वाळूचा दगड किंवा खराटा ओढलेला कोबा, यांतले काहीही चालेल. नमुन्याची फरशी दुपारी दोन वाजता उन्हात ठेवून तिच्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. शुभ्र पांढरीही नको, उन्हात डोळे दिपवते.

दुसरी अडचण उताराची. इथला ढाळ तलावाकडे नसावा, बाहेरच्या बाजूला असावा. तलावाकडे दिला तर पायांची माती आणि पावसाचे गढूळ पाणी सरळ तलावात जाते. बाहेरच्या अंगाला नाली काढून ते पाणी बागेच्या वाटेला लावावे.

तिसरी अडचण पाहुण्यांची. आपल्या पोरांना ओल्या दगडावर चालायची सवय असते. शहरातून आलेले पोर गाडीतून उतरते ते पळतच. काठाचा दगड निराळ्या रंगाचा आणि कड गोल केलेली असावी. उतरायच्या पायऱ्या सर्वांत जास्त पकडीच्या असाव्यात आणि त्यांना हाताला धरायला कठडा असावा. खोली किती ते काठावर ठळक आकड्यांत लिहावे. अंगाला साबण लावायची जागा तलावापासून वेगळी ठेवावी, म्हणजे फेस काठावर येत नाही. आणि तलाव उघडा असेल तोवर पोहता येणारे एक मोठे माणूस तिथे दुसरे काम न करता बसलेले असावे. फरशी कितीही चांगली असली तरी ती बुडणाऱ्याला बाहेर काढत नाही.

शेततळ्याचा काठ

शेवटी एका काठाबद्दल, जिथे फरशीच नसते. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली आणि प्लास्टिक कागदाच्या अस्तराची तळी खूप झाली. पाणी टिकते, बाग जगते. पण तो ओला, तिरपा कागद ही पाण्याकाठची सर्वांत घसरडी जागा आहे. त्यावर एकदा पाय गेला की चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. हात टेकायला काही सापडतच नाही. अशा तळ्यांत पोरे गेली, आणि त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसेही गेली, हे आपण सगळ्यांनी वाचले-ऐकले आहे.

इथला पृष्ठभाग बदलता येत नाही. तेव्हा वाटच बंद करावी. तळ्याभोवती जाळीचे कुंपण आणि कुलूप लागणारे फाटक हवे. चारही बाजूंनी खुंट्यांना पक्के बांधलेले, हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवावेत. एका बाजूला दोराची शिडी किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर सोडावेत. घट्ट झाकणाचे दोन रिकामे डबे दोर बांधून काठावर ठेवावेत. कोणी पडलेच तर त्याच्यामागे उडी टाकू नये. दोर किंवा डबा फेकावा आणि आरडाओरडा करून माणसे गोळा करावीत. घरातल्या प्रत्येक पोराला तळ्यावर नेऊन हे एकदा प्रत्यक्ष दाखवावे. कागदाला काठीचे टोक लावून ते कसे सटकते हे त्याने डोळ्यांनी पाहिले, की दहा वेळा रागे भरायची गरज राहत नाही.

या पाडव्याला ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी एवढेच करावे. गवंड्याशी बोलण्याआधी एका सकाळी न्हाणीच्या दारात उभे राहावे आणि घरातले सर्वांत म्हातारे माणूस आंघोळ करून बाहेर कसे येते ते पाहावे. ते कुठे थबकते, भिंतीला कुठे हात लावते, कोणती फरशी टाळून पाय टाकते, हे पाहिले की दांडा कुठे हवा, ढाळ कुठे चुकला आहे आणि फरशी कोणती घ्यायची, ते दुकानदाराला विचारावे लागणार नाही. मग बाटलीत पाणी भरावे, साबणाची वडी घ्यावी आणि तालुक्याला जावे.